दारिद्र्याचा कर्ता कोण? : मुंबईच्या उपनगरी कथनांतील श्रमाचे स्थान

१

मराठी समीक्षेत 'महानगरी साहित्य' ही संज्ञा आता इतकी रुळली आहे की, तिच्यातील महानगर म्हणजे नेमका कोणता भूभाग, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. गिरणगाव, गिरगाव, कामाठीपुरा, नागपाडा ही या संज्ञेची परिचित ठिकाणे होत. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' (१९७२), दया पवारांच्या 'बलुतं'मधील (१९७८) कावाखाना, जयंत पवारांच्या 'अधांतर'मधील (१९९७) गिरणी कामगाराचे घर या साऱ्या जागा मूळ बेटावरच्या आहेत. उपनगर मराठी साहित्यात आले ते बहुतांशी मध्यमवर्गीयांच्या ब्लॉकच्या रूपाने आणि लोकलच्या गर्दीच्या रूपाने. नवकथेने ज्या मध्यमवर्गाच्या मनाचा तळ शोधला, तो वर्ग चाळीतून निघून विलेपार्ले, मुलुंड, बोरिवली असा सरकत गेला आणि त्याच्याबरोबर उपनगराची वाङ्मयीन प्रतिमाही ठरून गेली.

वस्तुस्थिती या प्रतिमेशी जुळत नाही. १९५० मध्ये महापालिकेची हद्द बेटाबाहेर सरकली आणि १९५७ मध्ये ती पश्चिमेस दहिसर व पूर्वेस मुलुंडपर्यंत गेली. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांवर होती, तर बेटावरील मुंबई शहर जिल्ह्याची सुमारे ३१ लाख. त्याच जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील सुमारे ४१ टक्के माणसे झोपडवस्त्यांत राहत होती आणि या वस्त्यांचा फार मोठा भाग उपनगरांत होता. घाटकोपरच्या टेकड्या, अंधेरीचा विमानतळाचा परिसर, मुलुंड आणि देवनार येथील कचऱ्याचे डोंगर यांच्या आश्रयाने त्या वसल्या. मुंबईच्या दारिद्र्याचे मुख्य ठिकाण उपनगर असताना त्या दारिद्र्याचे मराठी कथन मात्र दीर्घकाळ बेटावरच घुटमळत राहिले.

तथापि हा प्रश्न भूगोलाच्या हिशेबापुरता नाही. उपनगरी दारिद्र्याची जी थोडी पण महत्त्वाची कथने उपलब्ध आहेत, त्यांच्यातून दारिद्र्य सांगण्याच्या परस्परविरोधी रीती दिसतात. एक रीत दारिद्र्याला स्थिती मानते आणि तिचे वर्णन करते. दुसरी त्याला संबंध मानते आणि त्याचा व्यवहार दाखवते. या दोहोंतील भेद ओळखण्याची खूण म्हणजे कथनातील श्रमाचे स्थान. दरिद्री माणूस काय भोगतो हे सांगणाऱ्या वाक्यात तो कर्म असतो. तो काय करतो हे सांगणाऱ्या वाक्यातच तो कर्ता होतो. या साध्या व्याकरणाच्या कसोटीवर काही कलाकृती तपासून पाहिल्या असता वास्तववादाविषयीच्या काही रूढ समजुतींचा फेरविचार करावा लागतो.

२

हा भेद मराठीपुरता मर्यादित नाही. आधुनिक शहरातील दारिद्र्याविषयीच्या लेखनाची जी परंपरा अमेरिकेत दिसते, तीतही तो आढळतो. जेकब रीस या वार्ताहराने १८९० मध्ये न्यूयॉर्कमधील भाड्याच्या कोंदट खोल्यांचे जग 'हाऊ दि अदर हाफ लिव्हज' या पुस्तकात उभे केले. रात्री काळोख्या खोलीत शिरून भुकटीचा प्रकाश पाडायचा आणि दचकलेल्या चेहऱ्यांचे छायाचित्र घ्यायचे, ही त्याची पद्धत. तिच्यामुळे सुधारणेच्या चळवळीला बळ मिळाले, हे मान्यच केले पाहिजे. पण त्या प्रकाशात दिसणारा माणूस बहुधा बसलेला, निजलेला, दिपलेला असतो. तो पाहिला जातो. पुढे मायकेल हॅरिंग्टनने 'दि अदर अमेरिका' (१९६२) मध्ये संपन्न देशातील दारिद्र्य अदृश्य झाल्याची तक्रार केली, तेव्हाही मुख्य क्रियापद 'दिसणे' हेच होते. ऑस्कर लुइस या मानवशास्त्रज्ञाने सान हुआन आणि न्यूयॉर्क येथील पोर्तोरिकन कुटुंबाचा अभ्यास 'ला विदा' (१९६६) मध्ये मांडला आणि आपली 'दारिद्र्याची संस्कृती' ही संकल्पना तेथे पुढे नेली. एका पिढीकडून दुसरीकडे जाणारी जीवनरीत म्हणून दारिद्र्याकडे पाहण्याची वाट तिने प्रशस्त केली. लुइसचा हेतू सहानुभूतीचा होता. परंतु दारिद्र्य एकदा 'संस्कृती' झाले की त्याचे कारण दरिद्र्यांच्याच घरात सापडू लागते.

याच्या उलट रिचर्ड राइटची 'नेटिव्ह सन' (१९४०) ही कादंबरी आहे. शिकागोच्या दक्षिण भागात एका खोलीत राहणारे कृष्णवर्णीय कुटुंब, आणि त्या घरातील तरुण ज्याच्याकडे मोटारचालक म्हणून कामाला लागतो तो धनिक, यांच्यात राइटने एक धागा ठेवला आहे: त्या खोलीचे भाडे ज्या कंपनीला जाते, तिचा मालक तो धनिकच आहे. हा एक तपशील खोलीच्या वर्णनाची जात बदलून टाकतो. आता उंदीर, अंधार, गर्दी ही त्या खोलीची लक्षणे राहत नाहीत. ती दुसऱ्या एका प्रशस्त घराची किंमत ठरतात. भाड्याच्या रूपाने दोन घरे एकाच वाक्यात येतात. रीस आणि राइट यांच्यातील हे अंतर लक्षात ठेवून मुंबईकडे वळता येईल. दलित पँथरने १९७२ मध्ये आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. दोन्हीकडील अनुभवांचे नाते मराठी साहित्याला तेव्हापासून परिचित आहे. दारिद्र्य सांगण्याच्या रीतींचे नाते मात्र फारसे तपासले गेलेले नाही.

३

जयवंत दळवींची 'चक्र' (१९६३) ही कादंबरी मराठीतील झोपडवस्तीच्या चित्रणाचा आरंभबिंदू मानली जाते. अम्मा, तिचा मुलगा बेन्वा आणि लुका या पात्रांभोवती दळवींनी जे जग रचले, ते त्या काळच्या पांढरपेशा वाचकाला हादरवणारे होते. भूक आणि वासना या दोन प्रेरणांना त्यांनी कोणताही आडपडदा न ठेवता स्थान दिले. भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'ने (१९६५) जे वादळ उठवले, त्याआधीच दळवींनी सभ्यतेच्या कल्पनेला धक्का दिला होता. त्यांचा निवेदक उपदेश करीत नाही, कीव करीत नाही. मराठी कादंबरीच्या इतिहासात या संयमाचे मोल मोठे आहे.

मात्र शीर्षकातच या कादंबरीची मर्यादाही नोंदली गेली आहे. चक्र फिरते, ते कोणी फिरवीत नाही. जन्म, भूक, संभोग, रोग, मृत्यू आणि पुन्हा जन्म अशी गती एकदा मूळ मानली, की माणसाचे कामधंदे प्रासंगिक ठरतात. ही पात्रे काही ना काही करून जगतात. पण त्यांच्या करण्याने शहराचे काही घडते वा बिघडते, असे वाचकाला जाणवत नाही. वस्ती शहराच्या शेजारी असते, शहराशी बांधलेली नसते. रवींद्र धर्मराज यांनी १९८१ मध्ये या कादंबरीवर केलेल्या हिंदी चित्रपटात वस्तीवर अखेर बुलडोझर येतो. प्रेक्षकाला तो बाहेरून आलेल्या आपत्तीसारखा वाटतो. वस्तीचे शहराशी असलेले नाते आधी कथनात विणलेले नसल्यामुळे तिचे उद्ध्वस्त होणे दैवाचा घाला ठरते.

मधु मंगेश कर्णिकांच्या 'माहीमची खाडी' (१९६९) या कादंबरीचे शीर्षक या दृष्टीने सूचक आहे. माहीमची खाडी म्हणजे बेट आणि उपनगर यांच्यामधील सीमारेषा. मराठी कादंबरी झोपडवस्तीच्या शोधात निघाली आणि या सीमेवर येऊन थबकली, असे रूपकाने म्हणता येईल. पलीकडे काय चालले होते, हे त्यापूर्वीच एका लेखकाने लिहून ठेवले होते. पण तो पलीकडचाच रहिवासी असल्यामुळे त्याच्या लेखनाकडे कलाकृती म्हणून पाहण्याची सवय समीक्षेला नव्हती.

४

अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) दीर्घकाळ घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. त्यांच्या 'चिरागनगरची भुतं' या कथासंग्रहाच्या शीर्षकातच वस्तीचे नाव आहे. येथे एक शब्दविचार अप्रस्तुत ठरू नये. समीक्षा आणि शासन ज्याला 'झोपडपट्टी' म्हणते, त्याला तेथील माणसे 'नगर', 'वाडी', 'वस्ती' म्हणतात: चिरागनगर, रमाबाई नगर, आझाद नगर. पहिला शब्द घराच्या छपराकडे पाहून केलेला आहे. दुसऱ्या प्रकारच्या शब्दांत नागरतेचा दावा आहे. १९७१ च्या झोपडपट्टीविषयक अधिनियमाने पहिल्या शब्दाला कायद्याचे वजन दिले. साहित्यविचाराने तोच शब्द जसाच्या तसा उचलणे म्हणजे आधीच एक बाजू घेणे होय.

अण्णाभाऊंची 'स्मशानातील सोनं' ही कथा उपनगरी दारिद्र्याच्या कथनाचा मापदंड ठरावी अशी आहे. वारणाकाठचा धिप्पाड भीमा पोटासाठी मुंबईला येतो. त्याला काम मिळते ते उपनगरालगतच्या दगडाच्या खाणीत. तो पहाड फोडतो, कुटुंब जगवतो. एके दिवशी खाण बंद होते. बेकार भीमाला स्मशानाजवळ प्रेताच्या राखेत सोने सापडते आणि तो राख चाळू लागतो. पुढे राख चाळणारा हात पुरलेल्या प्रेतापर्यंत जातो. एका रात्री ताज्या प्रेतावर टपलेल्या कोल्ह्यांशी झुंजून तो प्रेताच्या तोंडातील सोने काढू पाहतो. त्याची बोटे प्रेताच्या जबड्यात अडकतात. जीव वाचतो, पण डॉक्टरला दोन बोटे कापावी लागतात. आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते.

या कथेवर भडकपणाचा आक्षेप घेता येतो. रात्र, स्मशान, कोल्हे, प्रेत ही सामग्री भयकथेची आहे आणि अण्णाभाऊ तिचा वापर हात आखडून करीत नाहीत. लोकनाट्याच्या फडावर घडलेली त्यांची निवेदनशैली अतिशयोक्तीला भीत नाही. भीमाच्या देहाचे वर्णन मल्लाचे आहे. सामान्य बेकाराचे नाही. हा आक्षेप खोडून काढण्याची गरज नाही. प्रश्न असा की, या अतिशयोक्तीने कथेत कोणते काम केले आहे?

कथेची रचना पाहिली तर तिच्या दोन टोकांना खाण आहे आणि मध्ये स्मशान आहे. भीमाची स्मशानातील प्रत्येक कृती ही खाणीतल्या कृतीची विकृत आवृत्ती आहे. खाणीत तो खणतो, उकरतो, पहारीने दगड दूर करतो; स्मशानातही तेच करतो. तेच हात, तेच बळ, तेच कसब. मुंबईने त्याला जे काम शिकवले, तेच काम मुंबईने थांबवल्यावर तो दुसऱ्या खनिजासाठी करू लागतो. त्यामुळे स्मशानातील प्रसंग भीषण असले तरी उपरे नाहीत. बंद पडलेल्या श्रमाची ती पिशाच्चगती आहे. भीमाचा देह मल्लाचा असण्याचे कारणही येथेच सापडते. बोटे गमावल्याचे दुःख त्याच्या वाचकाला कळावे, तर आधी त्या बोटांनी पहाड फुटताना दिसला पाहिजे. दयेचा विषय म्हणून दुबळा माणूस पुरला असता. श्रमाच्या शोकांतिकेला बलवानच हवा.

शेवटाचा उपरोध म्हणूनच निव्वळ योगायोगाचा राहत नाही. खाण बंद होणे आणि सुरू होणे यांची कारणे कथेत येत नाहीत. ती भीमालाही सांगितली जात नाहीत. ज्या निर्णयावर त्याचे जगणे अवलंबून आहे, तो कोठे घेतला जातो हे त्याला ठाऊक नसणे, हाच त्याच्या दारिद्र्याचा गाभा होय. अण्णाभाऊ कम्युनिस्ट चळवळीतले. अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे करणारे. असे असूनही या कथेत संघटना नाही, संप नाही, घोषणा नाही. भीमा एकटा आहे, आणि त्याचे प्रतिस्पर्धी कोल्हे आहेत. कलावंताने कार्यकर्त्यावर केलेली ही मात आहे असे म्हणण्याचा मोह होतो. पण खरे तर उलट आहे. संघटनेची आवश्यकता सांगण्याऐवजी तिच्या अभावात माणसाची काय गत होते, हे दाखवण्याचा मार्ग त्यांनी निवडला.

खाण हे स्थळ निवडण्यातही मुंबईचे एक सत्य आले आहे. बेटावरील देखण्या वास्तूंचा दगड बऱ्याच अंशी उपनगरांतून आला. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आणि टपाल खात्याचे मुख्य कार्यालय यांच्या बांधकामात कुर्ल्याचा पिवळसर दगड आहे. अंधेरीची गिल्बर्ट हिल हा आज सरळ उभा दिसणारा काळ्या दगडाचा सुळका आहे. भोवतालचा दगड माणसांनी फोडून नेल्यावर तो तेवढा उरला. फोडलेल्या टेकड्यांच्या उतारांवर फोडणाऱ्यांच्या आणि त्यांच्यानंतर आलेल्यांच्या वस्त्या उभ्या राहिल्या, आणि पावसाळ्यात त्या उतारांनी आपली किंमत वसूल केली. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझाद नगरात दरड कोसळून साठाहून अधिक माणसे मेली. राइटच्या कादंबरीत जे काम भाड्याचा धागा करतो, ते अण्णाभाऊंच्या कथेत दगड करतो. तो दक्षिणेकडे जातो, भिंत होतो. आणि त्याच्या जाण्याने पडलेल्या खड्ड्याशेजारी भीमा राहतो. 'मुंबईची लावणी'त अण्णाभाऊंनी मलबार हिल आणि परळ समोरासमोर ठेवले होते. या कथेत ते अधिक खोल जातात: येथे विरोध शब्दांतून सांगितलेला नाही, तो पायाखाली आहे.

५

अण्णाभाऊंच्या कथेनंतर अनेक दशकांनी उपनगरी दारिद्र्यावरील जगभर वाचले गेलेले पुस्तक एका अमेरिकन लेखिकेने लिहिले. कॅथरीन बू यांचे पूर्वीचे वार्तांकन वॉशिंग्टन शहरातील आणि अन्यत्रच्या गरीब अमेरिकन नागरिकांविषयीचे होते. 'बिहाइंड द ब्यूटिफुल फॉरएव्हर्स' (२०१२) या पुस्तकात त्यांनी अंधेरीच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाजवळील अण्णावाडी या वस्तीतील, २००७ च्या अखेरीपासून पुढल्या सुमारे तीन वर्षांतील घडामोडी मांडल्या. १९९१ मध्ये धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी आणलेल्या तमिळ मजुरांनी ही वस्ती वसवली. तमिळ 'अण्णा' आणि मराठी 'वाडी' यांचा समास तिच्या नावात आहे, आणि या समासातही काम करून मागे राहिलेल्या माणसांचा इतिहास आहे.

पुस्तकाच्या केंद्रस्थानी कचरा विकत घेऊन निवडणारा एक तरुण आहे. शेजारणीशी झालेल्या भांडणानंतर ती स्वतःला जाळून घेते, त्याच्या कुटुंबावर आरोप होतो, आणि पोलिस, इस्पितळ, न्यायालय अशा प्रत्येक पायरीवर पैशाची मागणी होते. हे कथानक जितके गुंतवणारे आहे, तितकेच महत्त्वाचे त्याच्या मागचे दुसरे सूत्र आहे: भंगाराचा भाव. बीजिंग ऑलिंपिकच्या आधी चढलेला भाव २००८ च्या जागतिक मंदीत कोसळतो आणि अण्णावाडीतील मुलांची भूक त्याच प्रमाणात वाढते. भीमाला खाण बंद होण्याचे कारण कळत नव्हते. येथे कारण वाचकाला कळते, निवडणाऱ्या मुलाला अंधुकच कळते. दोन्ही कृतींत शहराने टाकून दिलेल्या पदार्थातून मोल वेचणारा हात केंद्रस्थानी आहे. एकात राख, दुसरीत कचरा. दोन्हींत क्रियापद मात्र एकच, चाळणे, निवडणे. बू यांच्या पुस्तकाचे बळ ते या श्रमाचे कसब तपशिलाने सांगते यात आहे: प्लास्टिकच्या जाती, धातूंची पारख, निवडण्याचा वेग. या पानांवर तो तरुण निःसंशय कर्ता आहे.

फरक आहे तो श्रमिकांच्या परस्परसंबंधात. अण्णावाडीत माणसे एकमेकांशी स्पर्धा करतात, एकमेकांना दोष देतात, एकमेकांच्या प्रगतीचा मत्सर करतात. आणि शहर मात्र यातून जवळपास अबाधित सुटते, हा बू यांचा निष्कर्ष आहे. भीमाला कोल्ह्यांशी झुंजावे लागले. अण्णावाडीत कोल्ह्यांची जागा शेजाऱ्याने घेतली आहे. हे निरीक्षण खोटे म्हणता येणार नाही. अनिश्चित रोजगारावर जगणाऱ्यांत मालक समोर नसतो, तेव्हा समोर असतो तो शेजारीच. परंतु हे निरीक्षण निष्कर्ष म्हणून मांडले गेले, की लुइसच्या 'दारिद्र्याच्या संस्कृती'चे सावट पुन्हा पडू लागते. एकजूट न दिसणे आणि एकजुटीचा इतिहास नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. उपनगरांतील वस्त्यांनी पाण्याच्या नळासाठी, हक्काच्या जागेसाठी, पाडकामाविरुद्ध दिलेल्या लढ्यांचा इतिहास दीर्घ आहे. अण्णावाडीच्या कथनात त्याला फारशी जागा मिळत नाही, आणि त्यामुळे तेथील माणसे बाजाराच्या वर्तमानात जणू अधांतरी उभी राहतात.

तरीही पुस्तकाचा शेवट या मर्यादेच्या पलीकडे जातो. मिठी नदीवरील एका अरुंद कठड्यावर रिकामे डबे आणि बाटल्या पडलेल्या आहेत, आणि त्या वेचण्याचे धाडस करणाऱ्या पहिल्या मुलाची जणू वाट पाहत आहेत. बू येथे भाष्य करीत नाहीत. 'स्मशानातील सोनं'चा शेवट आणि हा शेवट शेजारी ठेवून वाचावेत. एका कथेत काम परत येते तेव्हा ते करणारी बोटे उरलेली नसतात; दुसऱ्या कथनात हात शाबूत आहेत, पण काम कड्याच्या टोकावर आहे. दोन्ही लेखकांनी शेवटचे वाक्य दुःखाला दिलेले नाही, श्रमाला दिले आहे. त्यामुळेच दोन्ही शेवट दयेच्या पलीकडे जातात.

६

कर्त्याचा हा प्रश्न पात्रांपुरता थांबत नाही. तो निवेदकालाही लावावा लागतो. बू यांच्या पुस्तकात लेखिका कोठेच दिसत नाही. निवेदन सर्वज्ञ तृतीयपुरुषी असून ते पात्रांच्या मनात सहज शिरते. अखेरच्या टिपणात मात्र कळते की, या सहजतेमागे अनेक वर्षांचा वावर, दुभाष्यांची मदत, वारंवार घेतलेल्या मुलाखती आणि माहितीच्या अधिकारातून मिळवलेली कागदपत्रे आहेत. म्हणजे कथनासाठी केलेले काम कथनाबाहेर ठेवले आहे. गरिबांचा श्रम इतक्या बारकाईने दाखवणाऱ्या पुस्तकाने स्वतःचा श्रम झाकावा, हा अंतर्विरोध आहे. त्याने पुस्तकाची विश्वसनीयता घटत नाही. पण दुसऱ्या भाषेत झालेले बोलणे इंग्रजीत अस्खलित होऊन येते, तेव्हा त्या भाषांतरावर कोणाचा हात फिरला, हा प्रश्न वाचकाच्या मनात उरतो.

शाहिरी परंपरेने या प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले आहे. पोवाड्यात शाहीर आपली नाममुद्रा घालतो. हे कोण सांगत आहे, हे कवनातच नोंदलेले असते. ही नाममुद्रा आत्मप्रौढीची नव्हे, जबाबदारीची आहे. अण्णाभाऊ या परंपरेतून आले. कथेत ते सर्वज्ञ निवेदक वापरतात, पण त्या निवेदनाला फडाचा आवाज आहे. तो आवाज कोणाचा आणि कोणाच्या बाजूचा, याविषयी संदेह राहत नाही. या परंपरेचा पुढचा दुवा विलास घोगरे यांच्या रूपाने मुलुंडच्या वस्तीत होता. आनंद पटवर्धन यांच्या झोपड्यांच्या पाडकामावरील 'हमारा शहर' (१९८५) या माहितीपटात त्यांचे गाणे आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला; दहा जण मृत्युमुखी पडले. १५ जुलै रोजी घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या घरी जीवन संपवले. पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड' (२०११) चा आरंभ या मृत्यूपासून होतो. शाहिराच्या मृत्यूचा वाङ्मयीन अर्थ लावण्याचा आगाऊपणा समीक्षेने करू नये. मात्र एवढे नोंदवणे तिचे कर्तव्य आहे की, उपनगराचे दारिद्र्य आतून सांगणारा एक आवाज त्या दिवशी थांबला आणि मराठी वाङ्मयेतिहासात त्याची नोंद अद्याप गाण्याच्या अंगाने पुरेशी झालेली नाही.

ज्या कसोटीवर येथवर कृती तपासल्या, तीच अण्णाभाऊंवर लावली तर एक उणीवही दिसते. भीमाच्या कथेत त्याची बायको भिते, अडवते, वाट पाहते. तिचे काम दिसत नाही. खाण बंद असतानाही चूल पेटत होती, तर ती पेटवण्याचा श्रमही कथेचा विषय होता. उपनगरांतील उंच इमारती आणि त्यांना लगटून असलेल्या वस्त्या यांच्यातील रोजचा सर्वांत निकटचा दुवा म्हणजे घरकाम करणाऱ्या स्त्रिया. ब्लॉकमधील मध्यमवर्गावर लिहिल्या गेलेल्या असंख्य मराठी कथांत मोलकरीण येते ती दार वाजवते, रजा मागते, रडते. तिच्या हाताचा वेग, तिच्या घरांचा हिशेब, तिच्या वेळेचे गणित क्वचितच कथेचा आकार ठरवते. उर्मिला पवारांच्या 'आयदान' (२००३) या आत्मकथनाने या संदर्भात एक दिशा दाखवली आहे. आईचे बांबूची आयदाने विणणे आणि लेकीचे लिहिणे यांच्या विणीत नाते आहे, हे तेथे शीर्षकापासूनच जाणवते. श्रम येथे विषय राहत नाही, तो लेखनाच्या घाटात उतरतो. कोकणातून मुंबईपर्यंत येणाऱ्या या विणीला उपनगरातील घरकामाच्या जगाने अजून आपले पुस्तक दिलेले नाही.

दारिद्र्याच्या साहित्याचे मूल्यमापन करताना मराठी समीक्षेने दाहकता, भेदकता, विदारकता असे शब्द दीर्घकाळ वापरले. हे सारे शब्द वाचकाला काय वाटले ते सांगतात. ज्याच्याविषयी लिहिले गेले तो त्या वाक्यात काय करीत होता, हे ते सांगत नाहीत. 'चक्र' विदारक आहे आणि 'स्मशानातील सोनं'ही विदारक आहे. या विशेषणाने त्यांच्यातील मूलभूत भेद पुसला जातो. पहिलीत माणूस शहराच्या कडेला जगतो, दुसरीत तो शहर घडवतो आणि म्हणूनच त्याचे बेकार होणे हा शहरावरचा आरोप ठरतो. मुलुंडची कचराभूमी २०१८ मध्ये बंद झाली, खाणी एकामागून एक थांबल्या, वस्त्यांच्या जागी पुनर्वसनाच्या इमारती उभ्या राहत आहेत. उपनगरी दारिद्र्याचा बाह्य देखावा झपाट्याने पालटतो आहे, आणि ज्या समीक्षेची दृष्टी देखाव्यावर खिळलेली आहे तिला लवकरच दारिद्र्य ओळखू येईनासे होईल. सातव्या मजल्यावरच्या खोलीत बसून दागिन्यांचे मणी ओवणारी स्त्री झोपडीत राहत नाही. पण मण्याचा भाव कोण ठरवते, हे तिला भीमाइतकेच अज्ञात आहे. तिची कथा लिहिली जाईल तेव्हा ती वाचण्याची तयारी समीक्षेने आजच केली पाहिजे; आणि त्या तयारीचा आरंभ प्रत्येक वाक्याला कर्ता विचारण्यापासून होतो.